त्या नावाला ओ

टक्.

काजळाच्या डबीचं झाकण उघडल्याचा तेवढाच आवाज झाला, पण सगळं घर दचकलं. पहाटेपासून कुणी बोललं नव्हतं. कल्याणनं बादली भरताना नळ मोठा सोडला नव्हता. त्याच्या बायकोनं, ज्ञानेश्वरीनं चहाची भांडी ओट्यावर वाजू नयेत म्हणून फडक्यावर मांडली होती. पोर उठलं की दूध मागणार, आणि आज दूध द्यायचं नव्हतं. ऑपरेशन होईपर्यंत पाण्याचा थेंबसुद्धा तोंडात नको, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तेव्हा निजलंय तोवर निजू द्यायचं आणि निजल्या निजल्याच उचलून गाडीत घालायचं, असं ठरलं होतं.

ज्ञानेश्वरी आतल्या खोलीत आली तर सासूबाई अंथरुणाशी उकिडव्या बसलेल्या. करंगळी काजळानं काळी झालेली. पोराचं डोकं एका हातानं अलगद वळवून त्या डाव्या कानामागं बोट टेकवत होत्या.

"आत्याबाई, उठंल ना तो."

"न्हाई उठत. तीट लावती नुसती. दवाखान्यात सतरा जनांच्या नजरा."

"तिथं पुसून टाकतील. सगळं स्वच्छ लागतं त्यांना."

"कानामागं कोन बघतंय? मी ऱ्हायले बघायला." बनुबाई स्वतःशीच हसल्या आणि डबीचं झाकण लावलं.

बोट टेकलं होतं ते नेमकं त्या जागी. डाव्या कानामागं केरबाला जन्मतःच एक काळसर डाग होता, मसुराच्या डाळीएवढा. काजळ त्यावर बसलं आणि डाग दिसेनासा झाला. सासूबाईंना तो झाकायचा होता की अजून गडद करायचा होता, हे ज्ञानेश्वरीला कधी कळलं नाही आणि तिनं विचारलंही नाही. या घरात त्या डागाबद्दल बोलायचं म्हणजे पहिल्याबद्दल बोलणं आलं.

पहिला आदिनाथ. चार महिन्यांचा झाला होता. एका दुपारी पोटभर पिऊन झोळीत निजला, तो निजलाच. ताप नाही, खोकला नाही, काही नाही. कांदे खुरपायला आलेल्या बायकांना चहा देऊन ज्ञानेश्वरी झोळीपाशी गेली. लई वेळ निजलाय, आता उठवावं, म्हणून तिनं हाक मारली. आदिनाथ, ए आदिनाथ, ऊठ बाळा, प्यायचं नाही का? मग झोळी हलवली. मग पुन्हा हाक मारली, मोठ्यानं. किती हाका मारल्या ते तिला आठवत नाही. बायका सांगतात, तिला झोळीपासून ओढून बाजूला बसवलं तरी ती मारतच होती.

एवढ्या लहान जिवाला जाळत नाहीत. दिवस मावळायच्या आत वरच्या वावराच्या बांधाला पुरला. पण त्याआधी बनुबाईंनी तव्याची काजळी बोटावर घेतली आणि त्याच्या कानामागं चोळली. "खूण असू दी," त्या म्हणाल्या, "परत आला की वळखू येईल." त्यांच्या माहेरी असंच करायचे. त्यांच्या आईनं केलेलं त्यांनी पाहिलं होतं.

आणि वर्षा-दीड वर्षानं केरबा जन्मला तो कानामागं डाग घेऊनच. बनुबाईंनी दवाखान्यातल्या खाटेवरच त्याचं डोकं वळवून पाहिलं आणि मटकन खाली बसल्या. "आला गं बया. त्योच आला."

सगळ्या भावकीनं येऊन कान पाहिला. सगळ्यांना पटलं. कल्याणलाही पटलं, त्याला पटवून घ्यायचंच होतं. एकटी ज्ञानेश्वरी गप्प राहिली. त्या दिवशी पहिल्याचं डोकं तिच्याच मांडीवर होतं, आणि तिला आठवत होतं की काजळी लावली ती उजव्या कानामागं. पण आठवणच ती, आणि तीही त्या दिवसाची. तिनं कुणाला सांगितलं नाही. डाग पाहिल्यापासून सासूच्या चेहऱ्यावर जे हसू परत आलं होतं, ते पुसायला तिची जीभ रेटली नाही.

तोच आला म्हटल्यावर नावही तेच. बारशाला नणंदेनं पाळण्यात वाकून कानात सांगितलं ते इतकं हळू, की दोरी धरलेल्या ज्ञानेश्वरीला नुसती फुंकर ऐकू आली. मात्र उघड हाक त्या नावानं मारायची नाही. एकदा ज्यानं नेलं त्यानं ते नाव ऐकलेलं. पोर चांगलं पाच वर्षांचं होऊ दे, मग बघू. म्हणून बनुबाईंनी अंगण झाडून केर सुपात भरला, वर जुनं धडुतं अंथरून पोराला त्यावर निजवलं, सूप उकिरड्यावर नेऊन ठेवलं आणि आपणच जाऊन "केरात पोर घावलं गं माय" असं ओरडत उचलून आणलं. केरातलं पोर कोण कशाला नेईल? झाला केरबा.

ज्ञानेश्वरी बारावी शिकलेली. पहिले काही महिने ते नाव तिच्या तोंडी येईना. मग तो रांगायला लागला, दात आले, बोबडं बोलायला लागला, आणि कधी केरबाचा केरू झाला आणि केरूचा केरुल्या, तिलाच कळलं नाही. आता तिला त्याच्याइतकं गोड नाव दुसरं नव्हतं. एक तर ते फक्त याचं होतं. आधी कुणी वापरलेलं नव्हतं.

आदिनाथ हे नाव उरलं कागदावर, आणि बांधाला.

गेल्या पावसाळ्यापासून केरू रडला की त्याच्या जांघेत लिंबाएवढी गाठ वर यायची, शांत झाला की आत जायची. नगरच्या डॉक्टरांनी बोटानं दाबून पाहिलं आणि हर्निया म्हणाले. लहानसं ऑपरेशन, सकाळी आणा, संध्याकाळी घेऊन जा. टाके काढावे लागत नाहीत, दोन-चार दिवसांत खेळायला लागतो. ते बरंच काही सांगत होते, कल्याण मान डोलावत होता. ज्ञानेश्वरीनं त्यातला एकच शब्द धरला होता.

"भूल म्हणजे त्याला झोपवणार?"

"हो, पूर्ण झोपवणार. काही कळणार नाही त्याला."

"मग उठंल कधी?"

"ऑपरेशन झालं की उठेल ना." डॉक्टर हसले. ते किती सहज म्हणाले. तो सहजपणा तिनं पदराला बांधून घरी आणला आणि रोज थोडा थोडा सोडून पाहिला. निघायच्या दिवसापर्यंत त्यातलं काही उरलं नव्हतं.

शेजारच्या बजरंगची गाडी कल्याणनं मागून आणली होती. चास गावाच्या पुढं केरू उठला आणि उठल्या उठल्या म्हणाला, "दूदू."

"दूध गाईनं दिलंच न्हाई आज," बनुबाई म्हणाल्या. "रुसली."

"का लुसली?"

"तू काल तिची शेपटी वढली म्हनून."

हे त्याला पटलं. थोडा वेळ तो अपराध्यासारखा गप्प बसला आणि मग पुन्हा म्हणाला, "दूदू." केडगावात शिरेपर्यंत तो हुंदके देत होता आणि ज्ञानेश्वरीच्या मांडीवर त्याची गाठ वर आलेली तिला हाताला लागत होती. देवीच्या कमानीपाशी बनुबाईंनी काचेतूनच हात जोडले. ज्ञानेश्वरीला हात जोडता आले नाहीत, दोन्ही हात गुंतलेले होते.

दवाखाना नवा होता, भिंतींवर ससे आणि हत्ती रंगवलेले. खिडकीपाशी बसलेल्या मुलीनं विचारलं, "पेशंटचं नाव?"

"आदिनाथ कल्याण..."

कल्याण आडनावापर्यंत पोचायच्या आत बनुबाईंनी मागून त्याचा शर्ट ओढला. "आरं हळू! समद्या गावाला ऐकवतो का?"

"आई, आधार कार्डावर तेच हाय. दुसरं काय सांगू?"

बनुबाई तोंडाला पदर लावून भिंतीवरच्या हत्तीकडं बघत राहिल्या. ज्ञानेश्वरीनं केरूला छातीशी ओढला. घरात इतकी वर्षं कुणी ते नाव एवढ्या आवाजात उच्चारलं नव्हतं.

मग एक सिस्टर आल्या. वयानं ज्ञानेश्वरीएवढ्याच, पांढऱ्या कपड्यांवर जांभळा स्वेटर. केरूच्या मनगटाला पट्टी बांधता बांधता म्हणाल्या, "आदिनाथ! किती छान नाव. नाहीतर हल्ली काय काय ठेवतात, जीभ वळत नाही. घरी काय हाक मारता? लाडाचं काही असलं तर सांगून ठेवा, उठवताना बरं पडतं."

कल्याणनं इकडंतिकडं पाहिलं. समोरच्या बाकावर एक जोडपं बसलं होतं. नवऱ्याच्या खांद्याला लॅपटॉपची बॅग, बायको लेकीशी अर्धं इंग्रजी बोलत होती. कल्याणनं आज सुप्याच्या कंपनीतला शर्ट इस्त्री करून घातला होता, कडक घडीचा.

"आदिनाथच म्हणतो," तो म्हणाला. "घरीपण आदिनाथच."

ज्ञानेश्वरीच्या ओठापर्यंत खरं नाव आलं होतं. पण नेमकं तेव्हाच त्या बाकावरची बाई केरूकडं पाहून गोड हसली, आणि ज्ञानेश्वरीचे ओठ मिटले. केर म्हणजे काय हे नगरात कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

"चल आदिनाथ, तुला फुगा दाखवते," सिस्टर म्हणाल्या.

केरूनं मागं वळून पाहिलं. कुणाला बोलावतात ते त्याला बघायचं होतं. मागं कुणी नव्हतं. मग त्यानं आईकडं पाहिलं, तिनं मान हलवली, आणि तो सिस्टरच्या कडेवर गेला. दवाखान्याचा हिरवा झगा त्याला पायांखाली लोंबत होता. दार मिटताना त्याचा हात तेवढा दिसला, बोटं उघडीमीट करणारा. टाटा तो अजून उलटाच करायचा, स्वतःकडं तळवा करून. ये ये म्हटल्यासारखं.

मग वाट बघणं. बनुबाई खाली जमिनीवरच बसल्या, बाकावर त्यांना करमत नाही. कल्याण दोनदा चहाला जाऊन आला.

"तुमी खोटं कशाला सांगितलं?" ज्ञानेश्वरीनं हळूच विचारलं.

"काय सांगू? केरबा? हसली असती सगळी."

"हसू द्यायचं हुतं."

"तू होतीस की तिथं. तुझी का दातखीळ बसली?"

दोघंही दाराकडं बघत बसली.

डॉक्टर बाहेर आले तेव्हा त्यांनी टोपी काढून हातात घेतली होती. "छान झालं. काही काळजी नाही. आता उठवतील, मग आत बोलावतो." आणि ते पुढच्या पेशंटकडं गेले. कल्याणनं मोठा श्वास सोडला, खिशातून मोबाईल काढला, बहिणीला फोन लावायला जिन्याकडं गेला.

दार पूर्ण लागलं नव्हतं. बोटभर फट राहिली होती. त्या फटीतून आवाज आला.

"आदिनाथ. ए आदिनाथ, ऊठ बाळा."

ज्ञानेश्वरी उभीच्या उभी थिजली.

"आदिनाथ, डोळे उघड. बघ, आई आली. ऊठ बाळा."

मध्ये शांतता. गालावर चापट्या मारल्याचा बारीक आवाज. पुन्हा, थोडं मोठ्यानं, "आदिनाथ!"

शब्दसुद्धा तेच होते. ऊठ बाळा. आवाज तेवढा दुसरा. तिला वाटलं आपण बाहेर उभ्या आहोत आणि आत आपणच झोळीपाशी हाका मारतो आहोत, आणि आता कुणीतरी येऊन आपल्याला ओढून बाजूला बसवील. कांद्याच्या पातीचा वास नाकात आला, इथं, या फिनेलच्या वासात. खाली बसलेल्या बनुबाईंनी भिंतीला धरून उठायचा प्रयत्न केला. त्यांचेही डोळे फटीवरच होते. पण त्या डोळ्यांत भीती नव्हती. त्या कान देऊन ऐकत होत्या, जसं कुणी आपल्या माणसाच्या पावलांची चाहूल घेतं. त्या ओ ऐकू यायची वाट बघत होत्या.

ओ आली नाही.

सिस्टरनं दार उघडलं. "आई कोण? या आत. घाबरायचं काही नाही, श्वास, नाडी सगळं छान आहे. नुसता आळशीपणा चाललाय. तुमचा आवाज ऐकला की उठेल. चप्पल तिथंच काढा."

खाटेवर केरू उताणा पडला होता. ओठ कोरडे, पापण्यांच्या फटीत पांढरं. छाती वरखाली होत होती, ते ज्ञानेश्वरीनं आधी पाहिलं, मग पुन्हा पाहिलं. कानाजवळ काजळ फासलं होतं, पुसायला गेलेल्याच्या हातानं ते गालापर्यंत ओढलं गेलं होतं.

"मारा हाक," सिस्टर म्हणाल्या.

हाक मारायची आणि ओ आली नाही तर? तिनं एकदा मारून पाहिली होती. या जगात तिला दुसरी कुठलीही गोष्ट करायला सांगितली असती तर तिनं केली असती. सिस्टर बघत होत्या, त्यांना वाटलं बाई घाबरली. "अहो म्हणा, आदिनाथ..."

"केरू," ज्ञानेश्वरी म्हणाली. आवाज फुटला नाही, नुसती हवा आली. तिनं वाकून तोंड त्याच्या कानाशी नेलं. "ए केरुल्या. केरबा. गाय रुसायची थांबली रे. चल घरी."

पापणी हलली. मग दुसरी. मग डोळे उघडले, आईवर ठरले नाहीत, छताकडं गेले, परत आले, आणि घोगऱ्या, फाटक्या आवाजात त्यानं भोकाड पसरलं. एवढं सुंदर काही तिनं आजवर कधी ऐकलं नव्हतं.

"अगंबाई! केरुल्या का?" सिस्टर हसायला लागल्या. "आणि आम्ही बसलोय आदिनाथ, आदिनाथ करत. अहो, हे आधी सांगायचं नाही का! पोराला बिचाऱ्याला काय माहीत आपल्याला बोलावतात ते!"

ज्ञानेश्वरी हसली, रडली, दोन्ही. मान वर केली तर दारात बनुबाई उभ्या होत्या. त्या हसत नव्हत्या. पोर उठलं, रडलं, एवढं त्यांनी पाहिलं होतं. पदराच्या टोकाशी चाळा करत त्या मागं सरकल्या आणि पुन्हा जमिनीवर बसल्या.

दिवस कलताना घरी आले. केरूनं दोन घोट दूध घेतलं, एकदा ओकला, मग तांदळाची पेज प्याला. बनुबाईंनी मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या. तडतडल्या, वासही सुटला. एरवी वास सुटला की त्या "बघ, केवढी नजर हुती" म्हणून तासभर एकेकाची नावं घेत बसायच्या, आज हात झटकून तशाच अंथरुणाकडं गेल्या. ज्ञानेश्वरी त्याच्याजवळ आडवी झाली. त्याच्या नाकाखाली हाताचा पंजा धरला की कोमट हवा लागायची. ती लागली की पंजा काढायचा, आणि काढला की पुन्हा धरावासा वाटायचा. त्या रात्रीचं एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी केरू पोटाखालची पांढरी पट्टी सगळ्यांना दाखवत हिंडत होता. उड्या मारायच्या नाहीत, सायकलवर बसायचं नाही, पट्टी भिजवायची नाही. हे सगळं तो स्वतःच येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता आणि सांगता सांगता उड्या मारत होता. कल्याण त्याला दोनदा रागावून कंपनीत गेला.

बनुबाई चुलीपुढं भाकरी थापत होत्या. ज्ञानेश्वरी पाणी घेऊन आली तशा म्हणाल्या, "ज्ञाना, बस जरा."

ती बसली.

"खरं सांग. माझ्या गळ्याची आन हाय. तू आत गेलीस तवाबी ती बाई त्येच नाव घेत हुती. मला भाईरून नीट दिसलं न्हाई." त्यांनी भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. हात सवयीनं चालत होते. "त्या नावाला ओ दिली का त्यानं? डोळं उघडलं नसतील, नसू दे. बोट तरी हललं का? पापनी?"

ज्ञानेश्वरीला काय उत्तर दिलं म्हणजे सासूबाईंना बरं वाटेल ते ठाऊक होतं. एक पापणी हलली होती म्हणायला काय जात होतं? पण तीन वर्षं तिनं गप्प राहूनच काढली होती, उजव्या कानाचं सांगितलं नव्हतं. आणि तिचा केरू तिला तिचाच हवा होता, कुणाचा परत आलेला नाही. एवढं एकदा कुणी मान्य करावं, एवढंच तर तिला हवं होतं.

"न्हाई, आत्याबाई."

"अजाबात?"

"केरू म्हणल्यावर उघडले डोळे."

बनुबाईंनी मान हलवली. तव्यावरची भाकरी उलटायची राहिली. कडेनं धूर निघायला लागला तेव्हा ज्ञानेश्वरीनंच हात घालून ती उलटली, बोट भाजलं.

"मला वाटायचं," बनुबाई म्हणाल्या, "त्याला नाव ठावं हाय. मुद्दाम ओ देत नसंल. लपून ऱ्हायलाय, तसंच ऱ्हाऊ दे म्हनलं." त्यांनी चुलीतलं लाकूड मागं ओढलं. "मी एकदाबी गेले न्हाई बांधाला. पुरला त्या दिशी, तेवढंच. कशाला जायचं? पोर तर घरात खेळतंय. तिथं कोन हाय?" त्या ज्ञानेश्वरीकडं बघत नव्हत्या, विस्तवाकडं बघत होत्या. "मंग त्यो तिथंच हाय म्हनायचा गं. इतकी वरसं. एकलाच."

ज्ञानेश्वरीला जे हवं होतं ते मिळालं होतं. केरू तिचा होता, नवा कोरा, आधी कुणी न वापरलेला. आणि चुलीपुढं बसल्या बसल्या तिच्या अंगावर काटा आला. सासूबाई "त्योच आला" म्हणत होत्या तोवर बांध रिकामा होता. तिनं कधी मानलं नाही तरी ते मानणारं घरात कुणीतरी होतं, आणि त्याच्या आडोशानं तिलाही बांधाकडं बघावं लागत नव्हतं. आता ते मानणारं कुणी राहिलं नाही. एका 'न्हाई'नं तिनं त्याला पुन्हा मातीत नेऊन ठेवला.

दुपारी बनुबाईंनी दुधाची वाटी भरली, वर झाकण ठेवलं आणि काही न सांगता वरच्या वावराकडं निघाल्या. ज्वारी कमरेएवढी झाली होती. त्यांचं हिरवं लुगडं बराच वेळ ज्वारीत दिसत राहिलं, मग दिसेनासं झालं. पलीकडं डोंगरावर पवनचक्क्या फिरत होत्या, आवाज इथपर्यंत येत नव्हता. ज्ञानेश्वरीला मागून हाक मारावीशी वाटली. मीपण येते म्हणावंसं वाटलं. पण केरूला एकट्याला सोडायचं नव्हतं, आणि त्याला घेऊन तिकडं जायचं नव्हतं.

केरू निंबाखाली शेळीच्या करडापाशी बसला होता. करडू नुकतंच दूध पिऊन पाय मुडपून निजलं होतं. केरूनं आधी त्याला गवताची काडी दाखवली. मग त्याच्या तोंडाजवळ तोंड नेलं, दोन्ही गालांवर हळू हळू चापट्या मारल्या.

"ऊठ बाला," तो म्हणाला. "डोले उघल. बघ, आई आली."

ज्ञानेश्वरीच्या हातातलं सूप तसंच राहिलं. सूर थेट सिस्टरचाच होता, शेवटचा शब्द वर उचलून म्हणायचा.

तिनं सूप खाली ठेवलं, जवळ जाऊन बसली. "हे कुणी शिकवलं रे तुला?"

"तिथल्या मावशीनं."

"तुला ऐकू आलं? निजला होतास ना तू?"

"आलं." तो करडाचा कान उलगडून आत बघत होता. "मावशी लई वेल म्हनत होती."

"तुला उठवत होत्या त्या."

"मला न्हाई." त्यानं ठामपणे मान हलवली. "मी केलू."

"मग कुणाला?"

"त्या बालाला. आदिनात." नाव त्यानं नीट जुळवून म्हटलं, दर अक्षराला थांबत, नव्या खेळण्याला हात लावावा तसं. या घरात ज्या नावाची हाक इतकी वर्षं कुणी मारली नव्हती, ते दुपारच्या उन्हात त्याच्या बोबड्या तोंडून निघालं आणि ज्ञानेश्वरीनं नकळत ज्वारीकडं पाहिलं. ज्वारी हलत होती, वाऱ्यानंच.

"मावशी म्हनत होती, ऊठ ऊठ. तो उठतच नव्हता," केरू म्हणाला. त्याच्या कपाळाला बारीक आठी पडली होती. काल आपण घरी आलो, दूध प्यालो, पेज प्यालो, आणि तिथं एक पोरगं हाका मारूनही निजलेलंच राहिलं, याचा त्याला मनापासून घोर लागलेला दिसत होता. तो उठला, पट्टी सांभाळत पाय फाकवून चालत तिच्यापाशी आला आणि तिच्या दोन्ही गालांवर आपले मातीचे हात ठेवले. तिचं तोंड त्यानं स्वतःकडं वळवलं.

"आई," त्यानं विचारलं, "मग आदिनात उठला का?"